केरूनाना छत्रे आणि मागे पडलेले पंचांग

श्रोतेहो, कुंभिवलीपासून कर्जतपर्यंत आपल्या भागात राब भाजून झाला, की शेतकऱ्याचे डोळे मृगाकडे लागतात. मृग कधी लागतो हे भटजींना विचारावे, भटजींनी पंचांग उघडावे, ही जुनी रीत. पण पंचांगातले आकडे येतात कुठून, आणि ते आभाळाशी जुळतात का? हे तपासायला बसलेला एक प्राध्यापक आपल्याच जिल्ह्यातला होता. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणत.

त्यांना मुंबईला शिकवले ते चुलत्यांनी. हे चुलते म्हणजे ‘बाळमित्र’ लिहिणारे सदाशिव काशिनाथ, ऊर्फ बापू छत्रे. एल्फिन्स्टन संस्थेत ऑर्लेबार साहेब आणि बाळशास्त्री जांभेकर हे गुरू लाभले. मग विशीच्या आतच नाना कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले. तिथे सुमारे दहा वर्षे एकच काम: यंत्रापुढे बसायचे, ठरल्या वेळी हवेचा दाब, उष्णता पाहायची आणि दिसेल तेच लिहायचे. मनाला वाटेल ते नाही, दिसेल तेच. पुढचे सगळे केरूनाना मला या दहा वर्षांत दिसतात.

1851 मध्ये ते पुण्याला गेले. आगगाडी बोरघाट चढली ती 1863 मध्ये. तोवर मुंबई-पुण्याचा रहदारीचा रस्ता आपल्या खालापूर-खोपोलीवरूनच घाट चढत असे. पुण्यात आरंभी त्यांनी शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाला शिकवले. शाळांसाठी अंकगणित लिहिले, पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तक केले. पुढे डेक्कन कॉलेजात ते गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. गंमत अशी, की मुंबई विद्यापीठ निघाले 1857 मध्ये आणि नानांचे शिकणे त्याच्या कितीतरी आधी आटोपलेले. म्हणजे स्वतःजवळ पदवी नाही, आणि शिकवायचे पदवीच्या मुलांना! 1876 साली बी. ए. झालेले बाळ गंगाधर टिळक हे त्यांचेच विद्यार्थी.

आता पंचांगाकडे येऊ. त्या काळची पंचांगे बहुधा ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. तो गणेश दैवज्ञांनी 1520 च्या सुमारास रचला. तेही आपल्याच किनाऱ्यावरचे, नांदगावचे. त्यांनी स्वतः आभाळ पाहून जुन्या ग्रंथांतला फरक काढून टाकला होता. पण गणितात उरलेली बारीकशी चूक सवातीनशे वर्षांत साचत जाते. पंचांगातला ग्रह एकीकडे आणि आकाशातला दुसरीकडे, असे होऊ लागले. नानांनी युरोपातल्या नव्या गणिताच्या आधाराने ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक 1860 मध्ये काढले, आणि 1865 पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग सुरू झाले. लोक त्याला पटवर्धनी म्हणत, कोणी केरोपंती म्हणत.

ग्रहणाच्या वेळा बरोबर ठरल्या तर कोणाचे काही म्हणणे नसते हो! अडचण आली ती सणवारांत. राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा, यासाठी नानांनी रेवती नक्षत्रातला एक अंधुक तारा निवडला. त्यामुळे सूर्याची नक्षत्रे सुमारे चार दिवस अलीकडे आली. मृग चार दिवस आधी, संक्रांतही चार दिवस आधी. शेजारच्या घरी उद्या सण आणि आपल्या घरी आज, हे कोणत्या गावाला रुचेल? शास्त्री मंडळी रागावली. उलट ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले म्हणू लागले, सुधारता तर अर्धवट का, ऋतूंशी पुरते जुळेल असे सायन पंचांगच करा. नाना दोन्हीकडून सापडले. पंचांग वापरणारे थोडेच राहिले. मला विचाराल तर, लोकांचेही अगदीच चुकले असे म्हणवत नाही. सण एकट्याने करायचा नसतो.

1879 मध्ये नाना निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 रोजी वारले. रेवतीच्या ताऱ्याची बाजू पुढे त्यांच्या विद्यार्थ्याने, टिळकांनी, उचलली. टिळक पंचांग त्याच ताऱ्यावरून चालते. त्यात संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास येते, अधिक महिना कधी वेगळ्या ठिकाणी पडतो, आणि त्या वर्षी कोकणातल्या काही घरांत शेजाऱ्यांच्या महिनाभर आधीच गणपती बसतात.