बी.कॉम. झालं, पुढे काय? पहिल्या नोकरीआधी हाताशी हवीत ही कौशल्ये

बी.कॉम. किंवा बीबीएचा निकाल लागला की तालुक्यातली मुलं-मुली कामाच्या शोधात निघतात. सीएंचं ऑफिस, पतसंस्था, खत-बियाण्यांची एजन्सी, आडत दुकान, एमआयडीसीतला कारखाना, कुठेही गेलं तरी टक्केवारीच्या आधी एकच प्रश्न येतो: "टॅली येतं का? बिल करता येतं का?" पदवी असूनही इथे अनेक जण अडतात. नेमकं काय यायला हवं, ते थोडक्यात पाहू.

हिशेबाचा पाया
टॅली आपोआप ताळेबंद काढून देतं, पण नोंद चुकीच्या खात्यात पडली तर ताळेबंदही चुकतो. त्यामुळे रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि बँक मेळ या गोष्टी कागदावर जमल्या पाहिजेत. पासबुक आणि कॅशबुकातली शिल्लक का जुळत नाही, हे ज्याला सांगता येतं तो लगेच कामाला लागतो.

जीएसटी
१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या कराशिवाय आज हिशेबाचं काम होत नाही. किमान एवढं माहीत हवं:
- जीएसटी क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढचे दहा पॅनचे.
- माल राज्यातच विकला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, परराज्यात विकला तर आयजीएसटी.
- दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची नेहमीची मुदत पुढील महिन्याची ११ तारीख, ३बी ची २० तारीख.

मुलाखतीत विचारता येईल असं एक साधं गणित: १८ टक्के कर धरून बिल १,१८० रुपयांचं असेल, तर कर किती? पुष्कळ जण १,१८० चे १८ टक्के काढून २१२ रुपये ४० पैसे सांगतात. बरोबर उत्तर १८० रुपये, कारण मूळ किंमत १,००० आहे.

पगारपत्रक
कारखान्यात हे काम हमखास असतं. भविष्य निर्वाह निधीत कामगाराचा वाटा साधारणपणे १२ टक्के, ईएसआयमध्ये ०.७५ टक्के. दोन्हींचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कापलेला टीडीएस एरवी ७ तारखेपर्यंत भरावा लागतो, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत.

एक्सेल, टायपिंग आणि बोलणं
एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे, पण हात बसलेला नाही, अशी अनेकांची गत असते. सॉर्ट, फिल्टर, व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल रोज अर्धा तास करून बघा. गावातल्याच एखाद्या किराणा दुकानाची महिन्याची बिलं मागून घ्या आणि त्यांचा हिशेब मांडा. सरावाला याहून चांगलं पुस्तक नाही. युनिकोड मराठी टायपिंग आणि चार ओळींचा इंग्रजी ईमेलही जमायला हवा. उधारी मागताना गिऱ्हाईक न दुखावता बोलता येणं, हेही कौशल्यच आहे.

अनुभव कुठून आणायचा?
"अनुभव नाही" म्हणून परत पाठवलं जातं, त्यावर शिकाऊ उमेदवारी हा मार्ग आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून बी.कॉम. सारख्या पदवीधरांनाही ती मिळू शकते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. अटी आणि मुदत बदलत असल्याने सध्याची स्थिती जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारून घ्या.

एवढं सांभाळा
नोकरीसाठी आधी डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मूळ मार्कशीट कोणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. पहिला पगार कमी वाटला तरी तिथे विवरणपत्र भरणं, बँक मेळ आणि ऑडिटची तयारी शिकायला मिळणार का, हे विचारून मगच हो किंवा नाही ठरवा.