खंडाळ्याच्या बोगद्यांतील भुते आणि नावे नसलेले मृत

जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढताना शिंगरोबाचे लहानसे देऊळ लागते. अनेक वाहनचालक तेथे वेग कमी करून एखादे नाणे टाकतात आणि पुढे जातात. देवळामागची आख्यायिका अशी : इंग्रज अभियंत्यांना सह्याद्री उतरण्याची वाट सापडत नव्हती. शिंगरोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांची वाट त्यांना दाखवली. साहेबाने बक्षीस विचारले, तेव्हा त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याला तेथेच गोळी घालण्यात आली. कथा मौखिक परंपरेने चालत आली आहे. देऊळ सडकेच्या कडेला आहे, कथा मात्र बहुधा लोहमार्गाची सांगितली जाते.

याच घाटातील बोगद्यांविषयी इतर गोष्टीही प्रचलित आहेत : रात्री ऐकू येणाऱ्या हाका, पांढऱ्या वस्त्रातील बाई, दगड फोडल्याचा आवाज. या गोष्टी खऱ्या की खोट्या, हा प्रश्न फार वेळ घेणारा नाही. अधिक महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. या घाटात खरोखर किती माणसे मेली, कशाने मेली, आणि लोकस्मृतीत त्यांपैकी कोण उरले?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या बोरघाटातील कामाला जानेवारी १८५६ मध्ये प्रारंभ झाला आणि एप्रिल १८६३ मध्ये मार्गाचे उद्घाटन झाले. सुमारे २५ किलोमीटरांच्या अंतरात रुळांना १,८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर, चढायचे होते. चढ काही ठिकाणी ३७ ला १ इतका तीव्र होता. मार्गात २५ बोगदे होते आणि त्यांची एकत्रित लांबी साडेतीन किलोमीटरांहून अधिक भरत होती. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी या कामांची माहिती १८६० मध्ये लंडन येथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. अभियांत्रिकीच्या इतिहासात त्यांचे नाव त्यामुळे पक्के नोंदले गेले.

खडक होता बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून पसरलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले, आणि त्याचीच तुटलेली पश्चिम कड म्हणजे हा घाट. नोबेलने डायनामाइटचे पेटंट १८६७ मध्ये घेतले, म्हणजे घाट पूर्ण झाल्यावर चार वर्षांनी. बोरघाट पहारीने भोके पाडून आणि त्यांत काळी दारू ठासून फोडला गेला. जेथे कड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, तेथे माणसांना दोरांनी खाली सोडून भोके पाडून घेतली जात. काळ्या दारूच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे विषारी वायू निघतात. एकाच तोंडाच्या, वारा न खेळणाऱ्या बोगद्यात ते रेंगाळत राहतात. सुरुंग लवकर उडणे, दरड कोसळणे, दोर तुटणे हे रोजचेच धोके होते.

तरीही सर्वांत मोठा मारेकरी सुरुंग नव्हता. १८६१ च्या सुमारास घाटातील मजुरांची संख्या ४२,००० च्या पुढे गेली होती. दगडकामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले वडार त्यांत होते, तसेच सुगी संपल्यावर रोजगारासाठी बाहेर पडणारे गरीब शेतकरी व भूमिहीनही होते. स्त्रिया माती-दगड वाहत, मुले सोबत असत. डोंगरउतारावर तात्पुरत्या झोपड्यांत एवढी वस्ती दाटली होती आणि पिण्याचे पाणी ओढ्यानाल्यांचे होते. शौचाची कसलीही व्यवस्था नसलेल्या अशा वस्तीत पटकी शिरली, की ती छावणीच्या छावणी रिकामी करी. कोणी मेले, उरलेले पळाले, आणि पळालेल्यांबरोबर रोग पुढच्या गावी गेला.

मजुरांच्या दृष्टीने हा मरीआईचा कोप होता. आज हे वाचून हसण्याचे कारण नाही, कारण त्या काळच्या बहुसंख्य युरोपीय डॉक्टरांचे मतही वस्तुतः तेवढेच दूर होते. दूषित हवेने पटकी होते, असे ते मानीत. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे बोट दाखवले होते, आणि त्याच वर्षी फिलिप्पो पाचिनी यांनी इटलीत रोगजंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. परंतु दोघांचेही म्हणणे त्या वेळी फारसे मानले गेले नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात जंतूची ओळख पक्की केली, तेव्हा घाटातून गाड्या धावू लागून वीस वर्षे लोटली होती. जंतू माणसाला नेमका कसा मारतो, हे कळायला आणखी पाऊण शतक गेले. १९५९ मध्ये कलकत्त्याचे शंभूनाथ डे यांनी दाखवले, की पटकीचा जंतू एक विष सोडतो. त्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकत राहतात. धडधाकट माणूस काही तासांत कोरडा पडून मरू शकतो. मीठ, साखर आणि स्वच्छ पाणी यांचे योग्य मिश्रण यातील बहुतेकांना वाचवू शकते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी ते हजारो रुग्णांवर सिद्ध केले. बोरघाटातील छावण्यांत मीठही होते आणि गूळही होता. नव्हते ते ज्ञान आणि शुद्ध पाणी.

रोग सर्वांना सारखाच गाठतो, असे म्हणतात. घाटात ते अर्धेच खरे ठरले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात उतरले आणि काही आठवड्यांतच आजाराने मरण पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे ठेवून काम तडीस नेले. त्यांचे नाव इतिहासात आहे, आणि ते असणे योग्यच आहे. मजुरांच्या मृत्यूंची मात्र नावनिशीवार यादी झाली नाही. भारतीय रेल्वेच्या बांधणीवर मूलगामी संशोधन करणारे इतिहासकार इयन केर यांना मृत्यूंचा आकडा अभियंत्यांच्या व अधिकाऱ्यांच्या तुटक नोंदींतून जुळवावा लागला. आज या घाटासाठी २४,००० च्या आसपासचे अंदाज दिले जातात. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. गाडलेल्या प्रत्येक टोपली मुरुमाचा हिशेब कंत्राटात होता. गाडलेल्या माणसाचा नव्हता.

जिवंत माणसांचा हिशेबही सरळ नव्हता. मजुरी कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदाराकडे, तेथून मुकादमाकडे आणि मग मजुराच्या हाती येई. ती महिनोन्‌महिने थकली, तेव्हा जानेवारी १८५९ मध्ये घाटात मोठा दंगा उसळला. सरकारने चौकशी केली आणि मजुरांच्या तक्रारीत तथ्य असल्याचे आढळले. त्या वेळचे कंत्राटदार फॅविएल यांनी त्याच वर्षी काम सोडले. पुढील वर्षी, १८६० चा नववा कायदा झाला. रेल्वे व अन्य सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट मिटवावेत, हा त्याचा हेतू होता. पण त्याच कायद्याने काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला शिक्षेस पात्र ठरवले. पटकीच्या छावणीतून जीव घेऊन पळणे आणि करार मोडणे यांतील सीमारेषा किती पुसट होती, हे सांगायला नको. हा कायदा १९३२ मध्ये रद्द झाला.

बोगद्याच्या भुतांचा असा इतिहास केवळ भारतात घडलेला नाही. इंग्लंडमधील ट्रेंट-मर्सी कालव्यावरील हेअरकॅसल बोगदा १७६६ ते १७७७ या काळात खोदला गेला. त्याची लांबी सुमारे २.६ किलोमीटर. काठाने घोड्यांना वाट नसल्यामुळे खलाशी नावेवर उताणे झोपून बोगद्याच्या भिंतीला पाय रेटत नाव पुढे ढकलीत. पार व्हायला तास-तास लागत. लोहाच्या अंशामुळे तेथील पाणी गंजासारखे नारिंगी दिसते. या बोगद्यात खलाशांनी ठार केलेल्या एका स्त्रीचे भूत आहे, अशी कथा आहे. तशा खुनाचा पुरावा मिळत नाही. मात्र त्याच कालव्यावर, दूर रूजली गावाजवळ, १८३९ मध्ये क्रिस्टिना कॉलिन्स या प्रवासी स्त्रीचा खून झाला होता आणि दोन खलाशांना त्याबद्दल फाशी झाली. खरी घटना अंधाऱ्या जागी सरकली आणि तिचे भूत झाले, असे अभ्यासकांना वाटते. बोगदा खोदणारे मजूर मात्र त्या भूतकथेतही नाहीत.

कालका–शिमला मार्गावरील बडोगच्या बोगद्याची आख्यायिकाही अशीच. तेथील भूत मजुराचे नसून, चुकीच्या मोजणीमुळे अपमानित होऊन आत्महत्या केलेल्या इंग्रज अभियंत्याचे असल्याचे सांगतात. त्याच प्रदेशात भलकू नावाच्या स्थानिक माणसाने योग्य वाट दाखवल्याची कथा आहे. शिंगरोबा आणि भलकू यांच्या कथा एका बाबतीत जुळतात : डोंगर आधी तेथल्या माणसांना माहीत होता, आणि सर्वेक्षणाचे श्रेय दुसऱ्यांना गेले.

बोगद्यात होणाऱ्या भासांची कारणे भौतिकशास्त्र देते. गाडी आत शिरताच ती पुढची हवा दट्ट्यासारखी ढकलते, त्यामुळे गाडी दिसण्याआधीच वाऱ्याचा झोत अंगावर येतो. कठीण भिंतींवरून आवाज पुन्हा पुन्हा परततो आणि त्याची दिशा कळत नाही. बेसाल्टच्या भेगांतून पाणी ठिबकते, आणि दमट हवा थंड खडकाला लागून धुके धरते. हे स्पष्टीकरण पुरेसे आहे. पण ते केवळ भासाचे आहे. मृत्यूंचे स्पष्टीकरण दूषित पाणी, थकलेली मजुरी आणि न ठेवलेल्या नोंदी यांत आहे, आणि ते मिळवण्यासाठी रोगशास्त्राइतकीच दप्तरखान्याची गरज लागते.

रायपूरच्या शंकर नगरात राहणारा विद्यार्थी हावडा–मुंबई मार्गाने मुंबईला निघतो, तेव्हा इगतपुरी सोडल्यावर त्याची गाडी बोरघाटाच्या जुळ्या भावंडातून, थळघाटातून, उतरते. तो मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. त्यावर १३ बोगदे होते, त्याच पहारींनी आणि त्याच काळ्या दारूने फोडलेले. गाडी ते काही मिनिटांत पार करते. तेथे काम केलेल्या माणसांची संपूर्ण यादी कोणत्याही स्थानकावर लावलेली नाही.