सुरतेचा प्लेग आणि प्रयोगशाळेची साक्ष

इ. स. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सां याने प्लेगचा जंतू ओळखला. पुढे शंभर वर्षांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये, तापीकाठच्या सुरतेत त्याच जंतूचे नाव उच्चारले गेले आणि थोड्याच दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. त्याआधी ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या तापाची वार्ता उठली होतीच.

पण हा प्लेगच कशावरून? रोग्याच्या थुंकीत तोंडातले इतर जंतूही असतात. ते भराभर वाढतात. प्लेगचा जंतू मात्र सावकाश, दोनएक दिवसांनी डोळ्यांना दिसण्याजोगा होतो. त्यात भयभीत नागरिकांनी टेट्रासायक्लीनच्या गोळ्या आधीच घेतलेल्या. मग काचेच्या बशीत उगवणार काय? काही देशांनी पक्क्या निर्णयाची वाट न पाहता विमाने थांबविली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांना मात्र सुरतेचा पुरावा अपुरा वाटला. अखेर हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील (सीसीएमबी) शास्त्रज्ञांनी जनुकीय तपासणीवरून तो जंतू प्लेगचाच असल्याचे २००० साली प्रसिद्ध केले.

तोवर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत, १९९५ पासून, सुरतेचे रस्ते आणि गटारे स्वच्छ होऊ लागली होती.