शॉटगन, आखूड नळीची : अस्वलांपासून संरक्षण
गुळगुळीत नळीतून छरे किंवा एकसंध गोळी झाडणारी, खांद्याला टेकवून वापरावयाची बंदूक. उत्तर अमेरिकेत, विशेषतः अलास्कातील अरण्यांत, तपकिरी अस्वलांपासून आत्मसंरक्षणासाठी ती बाळगली जाते. यासाठी बहुधा १२ बोअरची बंदूक निवडतात. एक पौंड शिशाच्या समान आकाराच्या १२ गोळ्या केल्यास त्यांपैकी एकीचा जो व्यास, तोच या नळीचा अंतर्व्यास (सु. १८.५ मिमी.) होय.

शॉटगन हे मुळात पक्ष्यांच्या शिकारीचे हत्यार. तिचे बारीक छरे अस्वलाची दाट लव, चरबी व हाडे भेदू शकत नाहीत. जर्मनीत व्हिल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये व अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये तयार केलेल्या शिशाच्या एकसंध गोळ्यांमुळे मोठ्या जनावरांविरुद्ध तिची उपयुक्तता वाढली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने विंचेस्टर १८९७ ही बंदूक सु. ५१ सेंमी. नळी बसवून खंदकांत वापरली. पुढे १९५० मध्ये रेमिंग्टन ८७० ही नळीखालील मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरावयाची बंदूक बाजारात आली.

नळी आखूड असल्यास दाट झुडपांत, तंबूत वा नावेत बंदूक चटकन वळविता येते. मात्र गोळीचा वेग किंचित घटतो आणि आवाज व झोत वाढतात. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्याने ४५.७ सेंमी.पेक्षा (१८ इंच) कमी लांबीच्या नळीच्या शॉटगनची नोंदणी सक्तीची केली. त्यामुळे अरण्यातील बंदुकांच्या नळ्या सामान्यतः या मर्यादेच्या किंचित वरच राहिल्या.

अमेरिकेच्या वन विभागाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सु. १४ मी. अंतरावरील चाचण्यांत जड गोळीच्या शक्तिमान रायफली शॉटगनपेक्षा सरस ठरल्या. अलास्कातील १८८३–२००९ या काळातील २६९ घटनांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रायफली व शॉटगन मिळून लांब नळीच्या बंदुका शेकडा ७६, तर पिस्तुले शेकडा ८४ प्रसंगी यशस्वी ठरल्याचे आढळले. बंदूक जवळ असूनही ती न वापरणाऱ्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या इजांत लक्षणीय फरक नव्हता. बंदूक झाडण्यास पुरेसा अवधी न मिळणे हे अपयशाचे एक प्रमुख कारण होते. मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने शेकडा ९२ प्रसंगी तपकिरी अस्वलांना रोखल्याचे २००८ च्या अभ्यासात दिसून आले होते. या दोन्ही अभ्यासांतील प्रसंगांचे स्वरूप भिन्न असल्याने आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नाही. तथापि आखूड नळीमुळे वाचणारे क्षण सावधगिरी व सराव यांची जागा घेऊ शकत नाहीत, हे त्यांवरून स्पष्ट होते.