जामीनदार क्लच

आमच्या संभाजीनगरचा इतिहास मलिक अंबरापासून सांगायची पद्धत आहे. मी क्लचपासून सांगतो. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, तेव्हा स्कूटरवाल्या शहराचा क्लच डाव्या हातात होता. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली. २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस तर दीडशे अश्वशक्तीची. तिचा क्लच डाव्या पायाखाली!

आता तो झिजला की मालक म्हणतो, "सगळ्यात दणकट टाका!" इथे बँकेतली अक्कल कामी येते. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामधला जामीनदार. जामीनदार कर्जाची रक्कम बघून घ्यावा. इथे रक्कम म्हणजे घोडे नव्हेत. इंजिनाचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क. या गाडीचा २१० न्यूटन-मीटर. इंजिनात फेरफार नसेल तर कंपनीच्या मापाचा क्लच पुरतो. जोर वाढवला असेल तर थोडा वरचा घ्यावा, नाहीतर तो घसरतो. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही वेग घेत नाही. पण थेट शर्यतीतला सिरॅमिकचा बसवलात, तर पेडल जड आणि क्रांती चौकात सिग्नल सुटला की गाडी आचके देत निघणार.

घोडे दीडशे असोत की तीनशे. क्लच दाबायला पाय एकच, आणि तोही डावा!