पेरूचा समुद्र आणि आपला पाऊस

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ आहे. पुण्यात सिमला कुठून आले, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण नाव पुण्यातच राहिले. या खात्याची जडणघडण दुष्काळांनी केली.

खाते १८७५ साली स्थापन झाले आणि पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसे दगावली. पाऊस आधी सांगता येईल का? खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. बर्फ जास्त, तर पाऊस कमी, असा त्यांचा आडाखा. पण १८९९ साली खात्याने चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि नेमका पाऊस रुसला. पुन्हा दुष्काळ पडला.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले. ते केंब्रिजचे गणिती. त्यांनी जगभरातून हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे मागवले आणि कारकुनांकडून हाताने गणिते करवून घेतली. त्यातून एक झोपाळा दिसला. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि एकीकडे उतरला की दुसरीकडे चढतो. याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले.

हा झोपाळा हलवतो कोण, हे वॉकर यांना सांगता आले नाही. ते जेकब ब्यर्कनेस यांनी १९६९ साली उलगडले. एरवी पूर्वेकडून वाहणारे वारे प्रशांत महासागराचे उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तिथे हवा वर चढते, ढग होतात. काही वर्षी हे वारे मंदावतात आणि उबदार पाणी पेरूच्या दिशेने सरकते. नाताळच्या सुमारास येणाऱ्या या उबदार पाण्याला तिथले कोळी ‘अल निनो’, म्हणजे बाळ येशू, म्हणत. हवा वर चढण्याची जागाही मग पूर्वेला सरकते. आपल्या बाजूला हवा खाली बसते आणि मोसमी पाऊस अडखळतो.

मग अल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच? तसे नाही. १९९७ साली अल निनो अत्यंत प्रबळ होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ साली तो त्या मानाने सौम्य होता, पण जुलैमध्ये पाऊस निम्म्यावर आला आणि दुष्काळ पडला. १९९९ साली शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरातलाच एक झोपाळा दाखवून दिला. आफ्रिकेकडचे पाणी उबदार आणि सुमात्राकडचे थंड असले, तर ते आपल्या पावसाला हात देऊ शकते. १९९७ साली नेमके तसेच होते.

वॉकर यांनीही सगळ्या देशाला एकच अंदाज देणे सोडून वेगवेगळ्या भागांसाठी वेगळे अंदाज द्यायला घेतले होते. समुद्र पावसाचा कल सांगतो, निकाल नव्हे. म्हणून अल निनोची बातमी ऐकून पेरणी टाळण्याचे कारण नाही. मात्र पाण्याची बेगमी करावी, कमी मुदतीच्या वाणाचे बी हाताशी ठेवावे आणि पुरेशी ओल झाल्याखेरीज तिफण धरू नये.