मारुती ओम्नी

मारुती ओम्नी ही मारुती उद्योग (२००७ पासून मारुती सुझुकी इंडिया) या भारतीय कंपनीने १९८४ ते २०१९ या काळात निर्माण केलेली लहान आकाराची व्हॅन होय. आरंभी ती 'मारुती व्हॅन' या नावाने विकली जात असे. १९८८ साली तिला 'ओम्नी' हे नाव देण्यात आले. महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागात आजही अनेक जण तिला नुसते 'व्हॅन' किंवा 'मारुती व्हॅन' म्हणतात. कुटुंबाची गाडी, मालवाहू गाडी, रुग्णवाहिका आणि विद्यार्थी वाहतुकीचे साधन अशा अनेक भूमिका तिने पार पाडल्या. चालकाच्या आसनाखाली इंजिन आणि पुढे जवळजवळ सपाट तोंड ही तिची रचना कमी लांबीत अधिक जागा मिळवून देणारी होती. याच रचनेमुळे समोरासमोरच्या धडकेत प्रवाशांना मिळणारे संरक्षण मात्र अत्यल्प राहिले.

== इतिहास ==

मारुती उद्योगाची स्थापना १९८१ साली झाली व १९८२ साली जपानच्या सुझुकी कंपनीशी तिचा करार झाला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही पहिली मोटार बाजारात आली आणि पुढील वर्षी मारुती व्हॅन हे कंपनीचे दुसरे वाहन सादर झाले. ही व्हॅन १९७९ साली जपानात आलेल्या सातव्या पिढीच्या सुझुकी कॅरी या वाहनावर आधारित होती.

त्यापूर्वी महाराष्ट्रात मोठ्या कुटुंबासाठी वा प्रवासी वाहतुकीसाठी व्हॅन म्हटले की पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीची मॅटाडोर डोळ्यांसमोर येत असे. ती डिझेलवर चालणारी, आकाराने मोठी आणि मुख्यतः व्यवसायासाठी घेतली जाणारी गाडी होती. मारुती व्हॅनमुळे मोटारीसारखी चालवता येणारी, पेट्रोलवर चालणारी आणि घरासमोरच्या चिंचोळ्या जागेत मावणारी व्हॅन प्रथमच सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आली.

१९९६ साली आठ आसनांची 'ओम्नी ई' आली. उंच छताची आवृत्ती १९९९ साली, तर कारखान्यातच एलपीजी संच बसवलेली आवृत्ती २००३ साली आली. त्यानंतर केवळ मालवाहतुकीसाठी 'ओम्नी कार्गो' उपलब्ध झाली. १९९८ व २००५ साली बाह्यरूपात बदल झाले. मूळ आराखडा मात्र पस्तीस वर्षे जवळपास तोच राहिला.

== रचना ==

ओम्नीचे ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मारुती ८०० मधील इंजिनाच्याच कुळातील होते. ते पुढील आसनांखाली बसवलेले असून त्याची शक्ती प्रोपेलर शाफ्टमार्फत मागील चाकांना मिळते. मागील बाजूस कमानपाटे आहेत. प्रारंभीच्या गाड्यांत कार्बोरेटर होता. उत्सर्जनाचे निकष कडक झाल्यावर त्याच्या जागी बहुबिंदू इंधन अंतःक्षेपण प्रणाली (एमपीएफआय) आली.

* लांबी : ३,३७० मिलिमीटर
* रुंदी : १,४१० मिलिमीटर
* उंची : १,६४० मिलिमीटर
* चाकांमधील अंतर : १,८४० मिलिमीटर
* आसने : पाच किंवा आठ
* मधले दरवाजे : दोन्ही बाजूंना सरकते

सरकत्या दरवाजांमुळे दाटीच्या रस्त्यावरही चढ-उतार करता येते. मागील आसने काढल्यास पूर्ण सपाट जागा मोकळी होत असल्याने एकाच गाडीतून सकाळी भाजीपाला आणि संध्याकाळी घरातील माणसे नेणे शक्य होते.

== मराठवाड्यातील वापर ==

मराठवाड्यात ज्या ठिकाणी मुख्य रस्त्यावरून गावाकडे जाणारा रस्ता फुटतो त्यास 'फाटा' म्हणतात. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा हे अशा ठिकाणांपैकी एक होय. एस.टी. बस प्रवाशाला फाट्यावर उतरवते. तेथून गावापर्यंतचे अंतर पायी, दुचाकीवर किंवा मिळेल त्या वाहनाने कापावे लागते. अशा भागात एखाद्या घरी व्हॅन असणे ही केवळ त्या कुटुंबाची सोय राहत नाही. बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, लग्नाचे वऱ्हाड, बाजारचा दिवस, रात्री-अपरात्री आलेली आजारपणाची वेळ अशा प्रसंगी ती गाडी भावकीच्या व शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडते.

याच गरजेतून खासगी नोंदणीच्या व्हॅनमधून भाडे घेऊन प्रवासी व विद्यार्थी नेण्याची प्रथा पडली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार भाड्याने प्रवासी वाहतूक करण्यासाठी परवाना आणि परिवहन संवर्गातील नोंदणी आवश्यक असते. शालेय बससाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. खासगी विमा असलेल्या गाडीतून भाडे घेऊन प्रवासी नेताना अपघात झाल्यास विमा कंपनी दाव्यास हरकत घेऊ शकते. असा वाद झाल्यास वाहनमालक आणि जखमी प्रवासी या दोघांनाही त्याची झळ बसते.

== देखभाल व सामान्य बिघाड ==

साधी यंत्रणा आणि सहज मिळणारे सुटे भाग यांमुळे ओम्नीची दुरुस्ती लहान गावातील गॅरेजमध्येही होते. तिच्यातील बहुतेक बिघाड रचनेशी आणि वापराच्या पद्धतीशी संबंधित असतात.

'''इंजिन तापणे.''' आसनाखालच्या बंदिस्त जागेत इंजिनाला वारा कमी मिळतो. उन्हाळ्यात मराठवाड्यातील तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते, त्यामुळे हा दोष अधिक जाणवतो. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरल्यास आत क्षारांचा थर साचतो व पाण्याचे मार्ग अरुंद होतात. तापलेली गाडी तशीच चालवल्यास हेड गॅसकेट जळते किंवा सिलिंडर हेड वाकते. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येणे, कूलंट वारंवार कमी होणे आणि इंजिन ऑइलला दुधाळ रंग येणे ही त्याची लक्षणे होत. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते. म्हणून ते पूर्ण थंड होऊ देणे आवश्यक असते.

'''गाडी सुरू न होणे.''' कार्बोरेटर असलेल्या गाड्यांत जेटमध्ये साचलेला कचरा, अडकलेला चोक किंवा अशक्त ठिणगी ही नेहमीची कारणे आहेत. एमपीएफआय गाड्यांत इंधन पंप, त्याचा रिले आणि संवेदकांची जोडणी तपासली जाते. दोन्हींत प्रथम बॅटरीची टोके व अर्थची तार पाहिली जाते. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढल्यानंतर जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व गॅसकेट अधिक वेळा तपासाव्या लागतात. इथेनॉल पाणी शोषून घेते व जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही.

'''टायमिंग बेल्ट.''' हा दातेरी रबरी पट्टा तुटण्यापूर्वी फारशी पूर्वसूचना देत नाही. जुनी ओम्नी विकत घेताना तो केव्हा बदलला होता याची नोंद नसल्यास तो बदलून घेण्याची पद्धत आहे.

'''मागील भागातील आवाज.''' गाडी उचलताना 'टक्' असा आवाज येणे हे प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजल्याचे, तर वेग वाढताना सतत गुणगुण येणे हे डिफरन्शियल किंवा चाकाच्या बेअरिंगचे लक्षण मानले जाते. क्षमतेपेक्षा अधिक माणसे किंवा माल भरल्याने कमानपाटे बसतात व क्लच लवकर झिजतो.

'''दरवाजे व पत्रा.''' सरकत्या दरवाजाच्या खालच्या रुळात काळ्या मातीचा चिखल साचतो. तो वाळून घट्ट झाला की रोलर झिजतात, दरवाजा लोंबतो आणि नीट बंद होत नाही. रुळाखालचा पत्रा, तळाचा पत्रा आणि आसनपट्ट्यांच्या बैठका गंजल्यास प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. धडकेच्या वेळी गाडीचा सांगाडाच साथ देत नाही.

== गॅसवरील वापर ==

पेट्रोलचा खर्च टाळण्यासाठी अनेक ओम्नी एलपीजी किंवा सीएनजीवर चालवल्या जातात. घरगुती स्वयंपाकाचा सिलिंडर वाहनासाठी वापरणे बेकायदेशीर व अतिशय धोकादायक आहे. घरगुती सिलिंडरवर वाहनाच्या टाकीवरील सुरक्षा झडपा नसतात आणि तो प्रवाशांच्याच बंद जागेत ठेवलेला असतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो गाडीच्या तळाशी साचतो, तर पुढे आसनाखाली इंजिन व ठिणगी असतेच. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो; मात्र तो अतिशय उच्च दाबाखाली साठवलेला असतो.

मान्यताप्राप्त संच बसवल्यानंतर त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते. सीएनजी सिलिंडरची दाब चाचणी दर तीन वर्षांनी, तर वाहनातील एलपीजी टाकीची दर पाच वर्षांनी करावी लागते. गॅसचा वास आल्यास गाडी मोकळ्या जागी थांबवून इंजिन बंद करणे, टाकीची झडप बंद करणे, सर्व प्रवाशांना उतरवणे आणि कोणतेही विद्युत बटण न दाबणे ही सर्वसाधारण दक्षता होय.

== कागदपत्रे ==

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती एका वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये करण्यात आले. २०२५ साली वीस वर्षांवरील हलक्या मोटार वाहनांसाठी ते १०,००० रुपये झाले. महाराष्ट्रात याखेरीज पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणे राज्यात अनिवार्य आहे. ओम्नीचे उत्पादन त्याच सुमारास थांबल्याने बहुतेक सर्व ओम्नी या अटीत येतात.

वापरलेली व्हॅन विकताना नमुना २९ व ३० भरून मालकी हस्तांतरित केली जाते. परभणी जिल्ह्यातील वाहनांचा नोंदणी संकेतांक एमएच-२२ आहे. ग्रामीण भागात अशी गाडी अनेकदा केवळ नोटरी केलेल्या कागदावर हातोहात फिरते. हस्तांतराची नोंद होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने जुनाच मालक जबाबदार राहतो, त्यामुळे पुढील अपघाताच्या भरपाईचा दावा त्याच्यावर येऊ शकतो.

== उत्पादनाचा शेवट ==

भारतात एप्रिल २०१९ पासून मोटारींना एबीएस, त्याच वर्षी जुलैपासून चालकासाठी एअरबॅग आणि ऑक्टोबरपासून धडक चाचणीचे निकष लागू झाले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जन निकष आले. धडकेचा जोर शोषून घेण्यासाठी चालकाच्या पुढे पुरेसा भाग लागतो. ओम्नीत तो नसल्याने नव्या निकषांनुसार बदल करणे म्हणजे नवी गाडीच घडवणे ठरले असते. २०१९ साली तिचे उत्पादन थांबवण्यात आले.

== पर्यायी वाहने ==

मारुती व्हर्सा ही पुढे छोटे बॉनेट असलेली व्हॅन २००१ साली आली. ती फारशी खपली नाही. तिच्याच सांगाड्यावर आधारित, किमतीने स्वस्त अशी 'ईको' जानेवारी २०१० मध्ये सादर झाली आणि तीच ओम्नीची खरी वारसदार ठरली. २०१६ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. पुढे तीत एबीएस व एअरबॅग आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये १,१९७ घन सेंटिमीटरचे नवे इंजिन बसवण्यात आले आणि २०२५ साली एअरबॅगची संख्या सहा झाली. त्याच वेळी सात आसनांऐवजी सहा आसनांची आवृत्ती आली. त्यामुळे ओम्नीच्या जागी वापरलेली ईको घेताना निर्मितीचे वर्ष हा किमतीइतकाच महत्त्वाचा मुद्दा ठरतो.

तीन रांगांच्या इतर गाड्यांमध्ये मारुती अर्टिगा (२०१२) आणि रेनॉ ट्रायबर (२०१९) यांचा समावेश होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरपर्यंत लांबीच्या व १,२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के करण्यात आला. ईको व ट्रायबर या मर्यादेत बसतात; अर्टिगा बसत नाही.

केवळ वय झाले म्हणून खासगी वाहन मोडीत काढण्याची सक्ती महाराष्ट्रात नाही. मात्र नोंदणीकृत वाहन मोडीत केंद्रात गाडी दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते व त्या आधारे नव्या खासगी वाहनाच्या करात सवलत देण्याची तरतूद आहे. भंगारवाल्यास परस्पर विकलेल्या गाडीची नोंदणी रद्द होत नाही आणि मूळ मालकाचे नाव तसेच राहते.

== लोकप्रिय संस्कृतीत ==

सरकत्या दरवाजामुळे हिंदी व मराठी चित्रपटांतील अपहरणाच्या प्रसंगांत ओम्नी इतक्या वेळा दिसली की 'अपहरणाची गाडी' ही तिची विनोदी ओळख बनली.

== हेही पाहा ==

* मारुती ८००
* मारुती सुझुकी ईको
* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* परभणी जिल्हा